उंदराच्या मूलपेशींपासून अंडपेशी: पीजीसीएलसी कमी मिळतात, आणि पुढचं अंडाशय-कल्चर कुठे फसतं?

अर्धसूत्री

नमस्कार मंडळी. उंदराच्या मादी भ्रूणीय मूलपेशींपासून अंडपेशी, आणि सगळं काम ताटलीतच, अशी घडी बसवायची आहे. पहिला टप्पा, म्हणजे आद्य जननपेशींसारख्या पेशी (पीजीसीएलसी) मिळवण्याचा, जपानी संशोधक हायाशी आणि सैतो यांच्या २०११ च्या पद्धतीने. पुढचा अंडाशय-कल्चरचा टप्पा हायाशींच्याच गटाने २०१६ मध्ये दिलेल्या पद्धतीने.

सध्याची मांडणी अशी आहे: मूलपेशी फीडरशिवाय (आधार देणाऱ्या पेशींचा थर न वापरता), टू-आय (मूळ अवस्था टिकवणारी पीडी०३२५९०१ आणि चिर९९०२१ ही दोन औषधं) आणि एलआयएफ या प्रथिनात, पॉली-ऑर्निथिन आणि लॅमिनिनवर. तिथून ४८ तास एपिएलसी, म्हणजे एपिब्लास्टसारख्या पेशी (एपिब्लास्ट हा भ्रूणाचा तो थर, ज्यातून पुढे शरीर घडतं). मग यू-तळाच्या, पेशी न चिकटणाऱ्या ९६ वेल प्लेटमध्ये वेलमागे २,००० पेशी. मीडियम जीके१५, त्यात बीएमपी४ (जननपेशी व्हायचा संकेत देणारं प्रथिन) ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली आणि बाकीचे घटक मूळ पद्धतीप्रमाणे. रिपोर्टर लाइन (हवं ते जनुक चालू झालं की चमकणाऱ्या पेशी) नाही, त्यामुळे सहाव्या दिवशी एसएसईए१ आणि सीडी६१ या पृष्ठभागावरच्या दोन खुणांच्या अँटिबॉडी लावून सॉर्टिंग, म्हणजे पेशी वेगळ्या काढणं. दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्या पेशी ४-५ टक्क्यांच्या वर जात नाहीत. गोळे बाहेरून नीट गोल आहेत, पण मध्यभाग काळपट दिसतो.

दोष नेमका कुठल्या पायरीवर आहे हे कसं ओळखायचं? आणि पुढे अंडाशय-कल्चरला जाण्याआधी या पेशींबद्दल कोणत्या गोष्टींची खात्री करून घ्यावी?

प्लेट_पिपेट

काळपट मध्यभागाची काळजी सोडा. सहाव्या दिवशी गोळ्याच्या आत मेलेल्या पेशी साचतातच. पीजीसीएलसी बहुतेक कडेच्या भागात पुंजक्याने असतात, त्यामुळे मध्याच्या रंगावरून काहीच ठरत नाही.

४-५ टक्के मात्र खरोखर कमी आहे. रिपोर्टर असलेल्या लाइनमध्ये चौथ्या ते सहाव्या दिवशी गोळ्यातल्या तीस-चाळीस टक्के पेशींत ब्लिम्प१ हे जननपेशींचं जनुक चालू झालेलं दिसू शकतं. अँटिबॉडीच्या गेटवर (सॉर्टिंगसाठी आखलेल्या मर्यादेत) आकडा त्याहून उतरतो, तरी इतका नाही. आणि अशा वेळी सगळे बीएमपी४ वर संशय घेतात, पण दोष बहुधा त्याच्या आधीच्या ४८ तासांत असतो.

एपिएलसी ही मुक्कामाची अवस्था नाही. साडेपाच ते सहा दिवसांच्या भ्रूणातल्या एपिब्लास्टशी मिळतीजुळती अशी ती एक छोटी खिडकी आहे. दुसऱ्या दिवशी पेशी बीएमपी४ ला उत्तर देतात, तिसऱ्या दिवशी ती क्षमता झपाट्याने उतरते. कायम वाढवता येणाऱ्या एपिब्लास्ट मूलपेशींमधून तर जवळपास काहीच हाती लागत नाही. म्हणून वेळ मोजायची ती पेशी फायब्रोनेक्टिनवर टाकल्या त्या मिनिटापासून. संध्याकाळी टाकून 'परवा सकाळी कधीतरी' उचलल्या, असं इथे चालत नाही.

मोजमापं अशी. १२ वेल प्लेटच्या एका वेलला फायब्रोनेक्टिन १६.७ मायक्रोग्रॅम प्रति मिली, निदान तासभर ३७ अंशांवर. त्यावर १ लाख पेशी. मीडियम एन२बी२७, त्यात ॲक्टिविन-ए २० नॅनोग्रॅम, बीएफजीएफ १२ नॅनोग्रॅम प्रति मिली आणि केएसआर (सीरमऐवजी वापरायचं मिश्रण) १ टक्का. चोवीस तासांनी मीडियम बदला. पहिल्या दिवशी बऱ्याच पेशी मरतात; घाबरून जास्त पेशी टाकू नका. दाटी झाली की मूलपेशींचे घुमटासारखे पुंजके तसेच टिकून राहतात आणि तिथल्या पेशी मूळ अवस्था सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेशी सपाट, पसरलेल्या, टोकं काढलेल्या दिसायला हव्यात. चमकदार कडेचे उंच पुंजके मधूनमधून उरले असतील तर तो घाणा (बॅच) पुढे नेण्यात अर्थ नाही.

टू-आयमधला पीडी०३२५९०१ हा एमईके हे एन्झाइम रोखतो, आणि एपिएलसी व्हायला नेमकी एफजीएफ-ईआरके या संकेताचीच वाट उघडी लागते. मूलपेशी सोडवल्यावर एकदा नीट सेंट्रिफ्यूज करून जुनं मीडियम पूर्ण काढलं नाही, तर त्या औषधाचा अंश सोबत जातो आणि सुरुवातच उशिरा होते. तुमचे ४८ तास मग प्रत्यक्षात कमी भरतात. ट्रिप्सिन थांबवायला सीरम वापरत असाल तर तोही धुऊन टाका, कारण पुढचं सगळं काम सीरमशिवायचं आहे.

पडताळणीसाठी दुसऱ्या दिवशीच्या एपिएलसीमधून क्यूपीसीआर (कोणतं जनुक किती चालू आहे हे मोजणारी चाचणी) करा. एफजीएफ५ आणि डीएनएमटी३बी चढलेले, आरईएक्स१, केएलएफ४ आणि पीआरडीएम१४ उतरलेले, ओसीटी४ जवळपास जागेवर, असं चित्र हवं. हे चित्र नसेल तर बीएमपी४ ची महाग कुपी उघडूच नका.

आता दुसरी पायरी. जीके१५ म्हणजे जीएमईएममध्ये १५ टक्के केएसआर, आणि पीजीसीएलसीचं सगळं गणित या केएसआरच्या लॉटवर हलतं. एका लॉटमध्ये भरपूर पेशी, दुसऱ्यात नावापुरत्या, हे या क्षेत्रातलं सर्वांना माहीत असलेलं दुखणं आहे. दोन-तीन लॉटचे नमुने मागवून एकाच दिवशी, एकाच एपिएलसीवर शेजारी-शेजारी लावा आणि जो चांगला ठरेल त्याच्या वर्षभर पुरतील इतक्या बाटल्या घेऊन ठेवा. एपिएलसीमधल्या १ टक्का केएसआरलाही हेच लागू.

बाकी घटक: एलआयएफ १,००० युनिट, एससीएफ १०० नॅनोग्रॅम, बीएमपी८बी ५०० नॅनोग्रॅम, ईजीएफ ५० नॅनोग्रॅम प्रति मिली. जननपेशी होण्याचा हुकूम बीएमपी४ देतो. बाकीचे मुख्यतः झालेल्या पेशी जगवतात आणि वाढवतात. त्यामुळे आकडा कमी असताना एससीएफ वाढवत बसण्यात हशील नाही. बीएमपी४ सौम्य आम्लात, म्हणजे ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ०.१ टक्का बीएसएमध्ये विरघळवा, छोटे भाग करून गोठवा, आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. बीएसए नसेल तर प्रथिन नळीच्या प्लॅस्टिकलाच चिकटून राहतं.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर: वेलमागे १०० मायक्रोलिटर, म्हणजे पूर्ण प्लेटला ९.६ मिली मीडियम आणि ४.८ मायक्रोग्रॅम बीएमपी४. कडेच्या वेलमध्ये बाष्पीभवन होतं, तिथे पीबीएस भरून आतले ६० वेलच वापरलेत तर ३ मायक्रोग्रॅममध्ये भागतं आणि गोळेही एकसारखे येतात.

शेवटचं, सॉर्टिंगचं. एसएसईए१ मूलपेशींवरही असतं. म्हणून एक ओळ बीएमपी४ शिवाय लावा. त्या ओळीतही तुमच्या गेटमध्ये तितक्याच पेशी पडल्या तर ते ४-५ टक्केसुद्धा पीजीसीएलसी नाहीत, न बदललेल्या मूलपेशी आहेत. अशा पेशी पुढे जनावरात घातल्या तर टेराटोमा (एक प्रकारची गाठ) होतो. सॉर्ट केलेल्या पेशींत ब्लिम्प१, पीआरडीएम१४, टीएफएपी२सी, नॅनोस३ आणि स्टेला चढलेले, आणि एचओएक्सबी१ दबलेला दिसला, तरच त्यांना पीजीसीएलसी म्हणा.

गुणसूत्र

वरचं सगळं मान्य. पण प्रश्नात 'मादी' हा शब्द आहे आणि तिथेच एक मोठा खड्डा आहे, ज्याकडे पीजीसीएलसीच्या टक्केवारीत गुंतलेल्यांचं लक्ष जात नाही.

उंदराच्या एक्सएक्स मूलपेशी कल्चरमध्ये एक एक्स गुणसूत्र सहज गमावतात. मूळ अवस्थेत दोन्ही एक्स चालू असतात, आणि ते ओझं टाकलेल्या एक्सओ पेशी जोमाने वाढून बाकीच्यांना मागे सारतात. थोड्याच पॅसेजमध्ये (पेशी नव्या ताटलीत हलवण्याच्या फेऱ्यांत) लाइनमधला मोठा हिस्सा एक्सओ झालेला असू शकतो. पीजीसीएलसी होण्यात त्यांना काही अडचण येत नाही, म्हणून सॉर्टिंगच्या आलेखात काही कळत नाही. अडचण येते अर्धसूत्री विभाजनात. जोडीदार नसलेला एक्स जोडीविना राहतो, आणि अशा अंडपेशी मोठ्या प्रमाणात गळतात. महिनाभराच्या कल्चरनंतर पुटिका (अंडपेशी आणि तिला वेढणाऱ्या पेशींची पिशवी) कमी का, याचं उत्तर मग मीडियममध्ये शोधत बसावं लागतं.

उपाय साधा आहे, कष्टाचा आहे. कमी पॅसेजचा साठा मोठ्या संख्येने गोठवा, प्रत्येक कामासाठी नवी कुपी काढा, आणि वितळवल्यावर एक्सची संख्या तपासा. मेटाफेज स्प्रेड करून ४० गुणसूत्रं मोजा. ३९ चा गट दिसला की एक्सची फिश चाचणी (चमकत्या खुणेने गुणसूत्र दाखवणारी) करा. लाइन मिश्र निघाली तर एकेका पेशीपासून क्लोन काढा आणि एक्सएक्स क्लोन निवडा.

दुसरा खड्डा डीएनएवरच्या मिथाइल खुणांचा. टू-आयमध्ये, त्यातही मादी पेशींत, जिनोमभर मिथाइलेशन उतरतं, आणि दीर्घकाळ ठेवलं तर इम्प्रिंटही (जनुक आईकडचं की वडिलांकडचं हे ठरवणाऱ्या खुणा) पुसले जातात. २०१७ मध्ये नेचरमध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं आणि दोष मुख्यतः एमईके रोखणाऱ्या औषधाकडे जातो. यावर कुणी म्हणेल की पीजीसीएलसीमध्ये इम्प्रिंट नाही तरी पुसायचेच असतात, मग बिघडलं कुठे? जननपेशींपुरतं ते खरं आहे. पण त्या पेशींपर्यंत पोचायच्या आधीच जिनोमभराच्या खुणा अस्ताव्यस्त झाल्या तर एपिएलसी अवस्थेत त्या सगळ्याच परत बसत नाहीत, आणि तेवढ्यावरून एक घाणा दुसऱ्या घाण्यासारखा येत नाही. म्हणून पीडी०३२५९०१ पूर्ण १ मायक्रोमोलरऐवजी ०.४ मायक्रोमोलर ठेवा, चिर९९०२१ ३ मायक्रोमोलर, आणि पॅसेज कमी. हायाशींची मूळ मात्रादेखील ०.४ च आहे, १ नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: मूलपेशींचा साठा हा या कामाचा निम्मा भाग आहे. साठ्याची चाचणी न करता गोळे मोजायला सुरुवात केली, की पुढच्या कुठल्याही आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

पुटिका

अंडाशय-कल्चरबद्दल लिहितो. अर्धसूत्री, तुमचा खरा वेळ इथे जाणार आहे.

पीजीसीएलसी एकट्याने अंडपेशी होत नाहीत. त्यांना भ्रूणाच्या अंडाशयातल्या कायिक (जननपेशी नसलेल्या) पेशी लागतात, कारण पुढे ग्रॅन्युलोसा पेशी त्यांच्यातूनच होतात आणि अंडपेशीला पोसतात. नेहमीची पद्धत म्हणजे साडेबारा दिवसांच्या मादी भ्रूणांची जननग्रंथी. या दिवशी नर ग्रंथीत नलिकांचे आडवे पट्टे स्पष्ट दिसतात, मादीत दिसत नाहीत, त्यामुळे डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखालीच निवड होते. शेजारचा मेसोनेफ्रॉस (भ्रूणाचं तात्पुरतं मूत्रपिंड) सुईने पूर्ण वेगळा करा. तो मागे राहिला तर कल्चरमध्ये त्याच्या पेशी पसरतात आणि पुटिकांना जागा उरत नाही. ग्रंथीतल्या मूळच्या जननपेशी एसएसईए१ आणि सीडी३१ च्या चुंबकीय मण्यांनी काढा. ही पायरी अर्धवट झाली तर शेवटी मिळालेली अंडपेशी तुमच्या मूलपेशींची की भ्रूणाची, हे सांगता येणार नाही. मूलपेशींत एखादी रंगीत खूण असणं किंवा दोन्ही बाजूंचे वाण जनुकांवरून ओळखता येतील इतके वेगळे असणं इथे आवश्यकच आहे.

मिश्रण: ५,००० पीजीसीएलसीला ५० ते ७५ हजार कायिक पेशी, म्हणजे एकास दहा ते पंधरा. यू-तळाच्या न चिकटणाऱ्या वेलमध्ये दोन दिवस, जीके१५ मध्ये १ मायक्रोमोलर रेटिनॉइक ॲसिड घालून. रेटिनॉइक ॲसिड प्रकाशात बिघडतं, तेव्हा कुपी फॉइलमध्ये ठेवा. दोन दिवसांनी तयार झालेला गोळा, ज्याला पुनर्रचित अंडाशय म्हणतात, कोलाजेन लावलेल्या ट्रान्सवेलच्या पडद्यावर ठेवा. पडद्याखाली मीडियम, वर हवा, आणि गोळा जेमतेम ओला. वरून मीडियम जास्त झालं तर गोळा तरंगतो, पडद्याला धरत नाही आणि पसरतही नाही. पिपेटने उचलताना टोक रुंद कापलेलं घ्या. गोळा या वेळी फार नाजूक असतो.

पहिले चार दिवस अल्फा-एमईएम, २ टक्के सीरम आणि १५० मायक्रोमोलर ॲस्कॉर्बिक ॲसिड. त्यानंतर स्टेमप्रो-३४ वर आधारित, १० टक्के सीरमचं मीडियम. सातव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान आयसीआय१८२७८०, म्हणजे फुलवेस्ट्रंट, ५०० नॅनोमोलर. हा टप्पा लोक गाळतात आणि मग एकाच पुटिकेत दोन-तीन अंडपेशी अडकलेल्या दिसतात. कारण असं, की या दिवसांत जननपेशींचे घोस फुटून एकेकीभोवती कायिक पेशींचं वेगळं वेटोळं बसायला हवं, आणि इस्ट्रोजेनचा संकेत चालू असेल तर घोस नीट फुटत नाहीत. फुलवेस्ट्रंट तो संकेत अडवतं. दोन अंडपेशींची पुटिका पुढे वाढते, पण त्यातली एकही चांगली परिपक्व होत नाही, म्हणून असं रूप दिसलं की ते मोजणीत धरू नका.

अकराव्या दिवशी पुटिका हाताने सोडवायच्या. टंगस्टनच्या बारीक सुईने, एकेक, आजूबाजूचे धागे तोडत. ट्रिप्सिनचा मोह टाळा. अंडपेशी आणि ग्रॅन्युलोसा पेशी यांच्यामधले जे बारीक दुवे आहेत ते तुटले तर अंडपेशीची वाढ तिथेच थांबते, बाहेरून मात्र ती काही दिवस ठीक दिसत राहते. पुढच्या वाढीचं मीडियम: अल्फा-एमईएम, ५ टक्के सीरम, २ टक्के पॉलिव्हिनिलपायरोलिडोन, १५० मायक्रोमोलर ॲस्कॉर्बिक ॲसिड, एफएसएच (पुटिका वाढवणारं संप्रेरक) ०.१ आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिली. सुरुवातीच्या दोन दिवसांत जीडीएफ९ आणि बीएमपी१५ प्रत्येकी १५ नॅनोग्रॅम प्रति मिली. दोन दिवसांनी ०.१ टक्का कोलाजेनेजची छोटी प्रक्रिया देऊन बाहेरचा थेका थर सैल करतात, म्हणजे ग्रॅन्युलोसा पेशी मोकळ्या वाढतात. पॉलिव्हिनिलपायरोलिडोन हा अन्नघटक नव्हे. मीडियम दाट ठेवून तो पुटिका पसरून विस्कटण्यापासून वाचवतो.

आणखी नऊ-दहा दिवसांनी अंडपेशी पूर्ण वाढीला येतात. मग परिपक्वतेसाठी एफएसएच ०.१ युनिट, एचसीजी १.२ युनिट आणि ईजीएफ ४ नॅनोग्रॅम प्रति मिली, १६-१७ तास. क्युम्युलस (अंडपेशीभोवतीच्या पेशींचा थर) फुलून चिकट झालं आणि ध्रुवीय पेशी (विभाजनात सुटणारी छोटी पेशी) बाहेर पडली, तरच ती फलनाला न्यायची.

एकूण हिशेब: एपिएलसी २ दिवस, पीजीसीएलसी ६, अंडाशय ११, पुटिकावाढ ११, परिपक्वता १. महिना जातोच.

यशाच्या आकड्यांबद्दल आधीच स्पष्ट असावं. २०१६ च्या कामात दोन-पेशी अवस्थेतले भ्रूण पालक माद्यांत ठेवल्यावर जन्माला आलेली पिल्लं सुमारे ३.५ टक्के होती. नेहमीच्या अंडपेशींच्या तुलनेत फारच कमी. जन्मलेली पिल्लं वाढली, प्रजननक्षम निघाली, पण नाळ नेहमीपेक्षा मोठी होती. याचा अर्थ, गोल, मोठी, ध्रुवीय पेशी टाकलेली अंडपेशी दिसली म्हणून काम झालं असं नाही. दिसणं ही सगळ्यात शेवटी बिघडणारी गोष्ट आहे. अर्धसूत्री विभाजन तपासायला एसवायसीपी३ (जोडी जुळवणाऱ्या गुणसूत्रांवरचं प्रथिन) चं स्टेनिंग करा, गुणसूत्रं जोडीने जुळली का ते पाहा. मेटाफेज-२ मध्ये गुणसूत्रं मोजा. एच१९, आयजीएफ२आर, एसएनआरपीएन यांच्या इम्प्रिंट खुणा पाहा; आईकडून येणाऱ्या खुणा अंडपेशीच्या वाढीच्या काळातच बसतात, म्हणजे तुमच्या पुटिकावाढीच्या त्या अकरा दिवसांतच.

अर्धसूत्री

फार उपयोगी. बीएमपी४ शिवायची ओळ आणि एक्सची मोजणी दोन्ही लगेच लावतो. दोन शंका उरतात. दर वेळी साडेबारा दिवसांच्या भ्रूणांवर अवलंबून राहणं जड आहे, प्राण्यांची संख्याही वाढते. कायिक पेशी दुसरीकडून मिळतात का? आणि पीजीसीएलसी मुळात कमी असतील तर त्यांना कल्चरमध्ये वाढवता येतं का?

पुटिका

दोन्हीला उत्तर आहे. २०२१ मध्ये योशिनो आणि हायाशी यांच्या गटाने सायन्समध्ये दाखवलं की कायिक पेशीही मूलपेशींपासूनच करता येतात. आधी मध्यस्तर, मग मधला मध्यस्तर, मग देहगुहेचं आवरण आणि तिथून भ्रूणीय अंडाशयासारख्या कायिक पेशी, असा हा प्रवास बीएमपी४, डब्ल्यूएनटी, रेटिनॉइक ॲसिड, एसएचएच आणि एफजीएफ९ यांच्या क्रमाने घडवतात. अशा पेशींसोबतही पिल्लं जन्माला आली. पण यात एनआर५ए१ ला जोडलेला हिरवा रिपोर्टर असलेली लाइन लागते, कारण तयार झालेल्या मिश्रणातून योग्य पेशी निवडायला दुसरा सोपा मार्ग नाही. माझा सल्ला असा की, आधी भ्रूणाच्या खऱ्या कायिक पेशींवर पद्धत बसवा. दोन्ही बाजू एकदम नव्या असतील तर बिघाड कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही.

पीजीसीएलसी वाढवण्यासाठी सैतो यांच्या गटाची २०१७ ची पद्धत आहे: एम२२० फीडरवर, एससीएफ १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, फोर्सकोलिन आणि रोलिप्राम प्रत्येकी १० मायक्रोमोलर. दोन्ही औषधं पेशीतलं सायक्लिक एएमपी चढं ठेवतात. आठवडाभरात संख्या कितीतरी पटींनी वाढते. मात्र ४-५ टक्क्यांवर हा उपाय लावू नका. तिथे चुकीच्या पेशी वाढायचा धोका जास्त. आधी टक्केवारी सुधारा.

गोठा_आणि_लॅब

धागा उंदराचा आहे, तरी विचारतो. हे गायी-म्हशींत केव्हा? पंढरपुरी म्हशीसारख्या जातीत चांगल्या वंशाच्या अंडपेशी अशा मिळाल्या तर पैदाशीचा वेग कितीतरी वाढेल. करनालला म्हशीचं क्लोनिंग २००९ मध्येच झालं होतं ना?

गुणसूत्र

झालं होतं, एनडीआरआयमध्ये, म्हणजे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत. पण क्लोनिंगला तयार अंडपेशी लागते. ती कत्तलखान्यातल्या अंडाशयांतून मिळते आणि तिचं केंद्रक बदलतात. इथे अंडपेशीच घडवायची आहे, त्यामुळे ती वाट इथे कामाला येत नाही.

अडचणी तीन ठिकाणी आहेत. एक, उंदराची कृती मोठ्या प्राण्यांना जशीच्या तशी लागत नाही. उंदरात ब्लिम्प१ आणि पीआरडीएम१४ चा जोर आहे. माणूस आणि डुकरासारख्या प्राण्यांत एसओएक्स१७ हा घटक आधी चालू व्हावा लागतो, हे माणसाच्या पेशींत २०१५ मध्ये आणि डुकरात २०१७ मध्ये दाखवलं गेलं. दोन, तिथल्या मूलपेशी उंदरासारख्या मूळ अवस्थेत स्थिर ठेवणं अवघड आहे, त्यामुळे ४८ तासांची ती खिडकी नेमकी कुठे आहे हेच वेगळं शोधावं लागतं. तीन, वेळ. उंदराची पुटिका कल्चरमध्ये तीन आठवड्यांत तयार होते. गायी-म्हशींत तोच प्रवास काही महिन्यांचा आहे, आणि इतके दिवस पुटिका ताटलीत जिवंत ठेवणं हाच आजचा मोठा अडसर आहे.

उंदराबाहेर काम पुढे गेलंय ते असं. घुशीच्या आकाराच्या प्रयोगशाळेतल्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, २०२२ मध्ये मूलपेशींपासून पीजीसीएलसी झाले. ते जननपेशी नसलेल्या रॅटच्या वृषणात घातल्यावर शुक्राणुपूर्व पेशी मिळाल्या आणि त्यांपासून पिल्लंही झाली. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या दोनच माद्या उरल्या आहेत, केनियात, नाजिन आणि फाटू. त्या उपजातीच्या आयपीएस पेशींपासूनही (साध्या शरीरपेशी मागे नेऊन केलेल्या मूलपेशी) २०२२ मध्ये पीजीसीएलसीपर्यंत मजल गेली. तिथून अंडपेशीपर्यंतचा रस्ता मात्र बाकी आहे, कारण गेंड्याच्या भ्रूणाचं अंडाशय आणायचं कुठून? योशिनोंच्या पद्धतीची खरी किंमत अशा जागी कळते. म्हशीसाठीही सुरुवात तिथूनच व्हावी असं मला ठाम वाटतं: चांगली मूलपेशी लाइन आणि कायिक पेशी, आधी या दोन.

प्लेट_पिपेट

नर बाजू कुणी विचारली नाही, तरी एक ओळ: शुक्राणूंसाठी कल्चर ३७ नव्हे, ३४ अंशांवर. योकोहामाच्या ओगावा यांच्या गटाने २०११ मध्ये नवजात उंदराच्या वृषणाचे तुकडे ॲगरोजच्या ठोकळ्यावर, अर्धे मीडियममध्ये आणि अर्धे हवेत ठेवून शुक्राणू मिळवले, ते ३४ अंशांवर. ३७ वर अर्धसूत्री विभाजन अडतं. इन्क्युबेटर दोघांना एकच वापरायचा बेत असेल तर तो सोडा.

अर्धसूत्री, प्राण्यांच्या संख्येबद्दल. संस्थेच्या आयएईसीकडे (प्राणी-प्रयोगांची नीती समिती) फॉर्म बी भरताना गाभण माद्यांची संख्या घाण्यांवरून मोजा आणि त्यात पॉझिटिव्ह कंट्रोलच्या ग्रंथीही धरा. कंट्रोल म्हणजे हा: साडेबारा दिवसांच्या त्याच ग्रंथींतून काढलेल्या मूळच्या जननपेशी फेकू नका, त्याच कायिक पेशींत ५,००० च्या प्रमाणात परत मिसळा आणि शेजारच्या ट्रान्सवेलवर ठेवा. त्या अंडपेशी झाल्या आणि तुमच्या झाल्या नाहीत, तर दोष पीजीसीएलसीचा. त्याही झाल्या नाहीत, तर मीडियम, सीरम किंवा पडदा तपासा आणि मूलपेशींना हात लावू नका. सीरमचा लॉटही याच कंट्रोलवर निवडा, पीजीसीएलसीवर नको. त्या फार महाग पडतात.